जोडीदार युरोपीय संघाचा नागरिक असेल तर: जर्मनीत कायमस्वरूपी वास्तव्याचा अर्ज

पाच वर्षं झाली की कायमस्वरूपी वास्तव्याचं कार्ड मिळतं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण ही पाच वर्षं सिद्ध होतात ती मुख्यतः जोडीदाराच्या कागदांवरून, आणि इथेच बरेच अर्ज महिनोन्‌महिने अडकतात. तुमची पगारपत्रकं, तुमचा भाषेचा दाखला, तुमचं भरलेलं पेन्शन या सगळ्याला इथे दुय्यम जागा आहे. तुमचा नवरा किंवा बायको या पाच वर्षांत जर्मनीत काय करत होती, हे कागदावर दिसलं पाहिजे. हे पहिल्याच वर्षी समजलं तर पुढचं काम फार सोपं होतं.

समजायला सोपं जावं म्हणून एक जोडपं डोळ्यांसमोर ठेवू. नवरा फोंड्याचा. त्याच्या वडिलांचा जन्म 19 डिसेंबर 1961 पूर्वीचा, त्यामुळे लिस्बनमध्ये जन्मनोंद करून घराण्यात पोर्तुगीज नागरिकत्व आलेलं. बायको कुडाळची, तिचा पासपोर्ट भारतीय. दोघं फ्रँकफर्टमध्ये राहतात. नवरा इटालियन, पोलिश किंवा स्पॅनिश असता तरी पुढचं सगळं तसंच लागू झालं असतं.

आधी पाहा, हा रस्ता तुमचाच आहे ना

युरोपीय संघाचा 2004 सालचा निर्देश क्रमांक 38 हा या सगळ्याचा पाया. जर्मनीने तो आपल्या मुक्त संचार कायद्यात उतरवला आहे. त्याचं जर्मन लघुनाव फ्राइत्स्यूगिगकाइट्सगेझेट्झ. कलम 4अ मध्ये कायमस्वरूपी हक्क आहे आणि कलम 5 मध्ये कार्डांबद्दलच्या तरतुदी. ही दोन कलमं लक्षात ठेवा, परदेशी नागरिकांच्या कार्यालयाच्या खिडकीवर कामाला येतात.

हा कायदा लागू होतो तो जोडीदार आपल्या देशाबाहेर, संघातल्या दुसऱ्या देशात राहत असेल तेव्हा. पोर्तुगीज नवरा जर्मनीत राहतो, म्हणून बायकोला हा हक्क. नवरा जर्मन असेल आणि जर्मनीतच राहत असेल, तर सर्वसाधारणपणे हा कायदा लागत नाही. तिथे परदेशी नागरिकांच्या सामान्य कायद्याचं कलम 28 येतं. त्यात तीन वर्षांनी नीडरलासुंग्सएरलाउबनिस, म्हणजे सामान्य कायद्यातलं कायम वास्तव्याचं परमिट, मिळू शकतं, पण भाषेची अटही असते. जर्मन नागरिकाशी लग्न केलेल्या मैत्रिणीचा अनुभव म्हणूनच तुम्हाला उपयोगी पडणार नाही. नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइनच्या नागरिकांच्या जोडीदारांना हाच कायदा लागू आहे. स्वित्झर्लंडसाठी वेगळा करार आहे.

ब्रिटनबद्दल गोव्यातून फार विचारणा होते. स्विंडन आणि साउथॉलमध्ये पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली गोंयकार कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, पण 31 डिसेंबर 2020 नंतर तिथे हा निर्देश चालत नाही. शिवाय तिथे काढलेली वर्षं जर्मनीत मोजली जात नाहीत. आयर्लंडमधली तीन वर्षं आणि जर्मनीतली दोन मिळून पाच, असाही हिशोब होत नाही. पाचही वर्षं एकाच देशातली लागतात.

पाच वर्षं कधीपासून मोजायची

बहुतेक जण आउफएन्टहाल्ट्सकार्टेवर, म्हणजे पाच वर्षांच्या पहिल्या कार्डावर, छापलेल्या तारखेपासून मोजतात. तसं करू नका. कार्ड म्हणजे हक्काचा पुरावा, हक्क त्याच्या आधीच सुरू झालेला असतो. तुम्ही दोघं जर्मनीत राहू लागलात आणि जोडीदार कायद्याच्या एखाद्या चौकटीत (या चौकटी पुढे दिल्या आहेत) बसला, त्या दिवसापासून मोजा. समजा आपल्या जोडप्यातली बायको मार्चमध्ये आली, नवऱ्याची नोकरी आधीच सुरू होती, त्याच महिन्यात आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, झालं आणि कार्ड हातात आलं सप्टेंबरमध्ये. तिची पाच वर्षं मार्चमध्ये पूर्ण होतात. कार्ड संपायला त्यानंतरही सहा महिने असतात. हे सहा महिने अर्जासाठी सोन्यासारखे आहेत, कारण मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट मिळायलाच खूप वेळ जातो.

याची उलटी बाजूही आहे आणि ती जास्त महत्त्वाची. कार्ड हातात आहे म्हणून पाच वर्षं आपोआप मोजली जातील असं नाही. युरोपीय न्यायालयाने 2011 मध्ये डियास प्रकरणात स्पष्ट केलं, की वास्तव्याच्या अटी पूर्ण होत नव्हत्या तो काळ हातात कागद होता म्हणून कायदेशीर वास्तव्यात धरता येणार नाही.

लग्नाआधीची वर्षंही यात येत नाहीत. तुम्ही ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परमिटवर, आलात आणि तिसऱ्या वर्षी पोर्तुगीज नागरिकाशी लग्न केलंत, तर या रस्त्याचं घड्याळ लग्नापासून चालू होतं. अशा वेळी ब्लू कार्डचा रस्ता जवळचा ठरू शकतो. तिथे साधं जर्मन येत असेल तर 27 महिन्यांत आणि बी-1 ही मधली पातळी असेल तर 21 महिन्यांत नीडरलासुंग्सएरलाउबनिस मिळण्याची सोय आहे. म्युनिक-फ्रँकफर्टच्या आयटीतल्या मराठी मंडळींनी दोन्ही हिशोब कागदावर मांडून मगच ठरवावं.

जोडीदार कोणत्या चौकटीत बसतो

नोकरी हा सगळ्यात सरळ प्रकार. नोकरी पूर्णवेळ असलीच पाहिजे असं नाही. अर्धवेळ कामही चालतं, मात्र ते खरंखुरं काम हवं, नावापुरतं नको. स्वतःचा व्यवसायही चालतो.

नोकरी गेली तर? वर्षाहून जास्त काम झाल्यावर, स्वतः न सोडता नोकरी गेली आणि तो आगेंटुअर फ्यूर आर्बाइट या रोजगार कार्यालयात नाव नोंदवून बसला, तर त्याचा कामगाराचा दर्जा टिकतो. काम वर्षभरापेक्षा कमी झालं असेल तर हा दर्जा सहा महिने राहतो. आजारपणामुळे काही काळ काम करता आलं नाही तरीही दर्जा जात नाही. अडचण येते ती राजीनामा देऊन काही महिने घरी बसलेल्याची. तो काळ दुसऱ्या कुठल्या तरी चौकटीत बसवावा लागतो.

ती दुसरी चौकट म्हणजे पुरेसं उत्पन्न आणि पूर्ण आरोग्य विमा. अनेक भारतीय बायकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं: हे उत्पन्न तुमचंही असू शकतं. नवरा घरी मुलं सांभाळतो किंवा शिकतो, आणि बायकोच्या पगारावर घर चालतं, हे कायद्याला मान्य आहे. न्यायालयाने 2015 मध्ये आयर्लंडमधल्या सिंग प्रकरणात हेच म्हटलं, की जोडीदाराकडून येणारा पैसा धरला जातो. फक्त विमा दोघांचाही हवा आणि त्यात खंड नको. नोकरदाराच्या बाबतीत विम्याचा हा प्रश्न वेगळा काढला जात नाही.

गैरहजेरीचा हिशोब

वर्षाला एकूण सहा महिन्यांपर्यंत जर्मनीबाहेर राहिलात तर सलगता तुटत नाही. त्यापलीकडे, महत्त्वाच्या कारणासाठी एकदाच सलग बारा महिन्यांपर्यंतची सूट आहे. गरोदरपण आणि बाळंतपण, गंभीर आजार, शिक्षण किंवा प्रशिक्षण, कामानिमित्त दुसऱ्या देशात बदली ही कारणं कायद्यातच उदाहरणादाखल दिली आहेत.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे, म्हणून यावर थोडं थांबतो. सातव्या महिन्यात कुडाळला गेलेली मुलगी बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर परत येते. मग बाळाचा पासपोर्ट आणि व्हिसा यांत आणखी वेळ जातो. बघता बघता आठ महिने होतात आणि घरचे म्हणतात, गेली तुझी पाच वर्षं पाण्यात. ती जात नाहीत. पण पुरावा लागतो: प्रसूतीची तारीख दाखवणारं दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, बाळाचा जन्मदाखला, जाण्यायेण्याची तिकिटं. डिस्चार्ज कार्डाची शाई दोन वर्षांत पुसट होते, ते त्याच आठवड्यात स्कॅन करून ठेवा. ही सूट एकदाच मिळते. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी सहा महिन्यांच्या आत परतण्याच्या बेताने तिकीट काढा.

तारखांचा पुरावा हीही एक गंमतीची अडचण आहे. आउफएन्टहाल्ट्सकार्टे दाखवणाऱ्याच्या पासपोर्टवर जर्मन सीमेवर शिक्का मारू नये, असा नियम आहे. म्हणजे जर्मन बाजूने तुमच्या प्रवासाची नोंद पासपोर्टात सापडत नाही. मुंबई किंवा गोव्याच्या विमानतळावरचे भारतीय शिक्के मात्र असतात. त्या पानांच्या प्रती काढा, जुना रद्द झालेला पासपोर्ट जपून ठेवा, आणि एक साधा तक्ता करा: गेले कधी, आले कधी, किती दिवस, कशासाठी. अर्जासोबत हा तक्ता आपणहून दिला की अधिकाऱ्याचे निम्मे प्रश्न उरत नाहीत.

कागद

पासपोर्ट, सध्याचं कार्ड आणि फोटो सगळीकडे लागतात. मे 2025 पासून फोटो डिजिटल द्यावा लागतो, कागदी प्रत चालत नाही. आपल्या शहराच्या आउसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाच्या, संकेतस्थळावर जी यादी असते ती छापून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. खरी फाइल जोडीदाराची असते.

त्याच्या प्रत्येक वर्षासाठी लोनश्टॉयरबेशाइनिगुंग, म्हणजे कंपनी वर्षअखेरीस देते तो वार्षिक पगार आणि कराचा दाखला, एकेक प्रत. सध्याच्या नोकरीचा करार आणि शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं. याहूनही मोलाचा एक कागद आहे: डॉयच रेंटनफर्झिशरुंग या सरकारी पेन्शन संस्थेकडून मिळणारा फर्झिशरुंग्सफरलाउफ, म्हणजे पेन्शन वर्गणीचा इतिहास. त्यावर कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत वर्गणी भरली गेली, बेकारीचा काळ कोणता, आजारपणाचा कोणता, हे सगळं ओळीने छापलेलं असतं. तो फुकट मिळतो, ऑनलाइन मागितला की टपालाने घरी येतो. पाच वर्षांची गोष्ट दोन-तीन पानांत सांगणारा याहून चांगला कागद नाही. तो हातात आला की आधी स्वतः वाचा. मध्ये एखादा रिकामा काळ दिसला तर त्याचं स्पष्टीकरण आणि पुरावा अर्जातच जोडा, अधिकारी विचारेपर्यंत थांबू नका.

एकत्र राहण्याचा पुरावा म्हणून ब्युर्गरआम्ट या नागरिक सेवा कार्यालयातून दोघांचा विस्तारित मेल्डेबेशाइनिगुंग, म्हणजे पत्तानोंदणीचा दाखला, घ्या. साध्या दाखल्यात फक्त आजचा पत्ता असतो. विस्तारितमध्ये राहायला आल्याची तारीख, आधीचे पत्ते आणि वैवाहिक स्थिती येते. सोबत भाडेकरार आणि आरोग्य विमा कंपनीचा सदस्यत्वाचा दाखला, त्यावर ‘या तारखेपासून’ असा उल्लेख हवा.

आता नावाचा प्रश्न, जो मराठी बायकांना हमखास येतो. लग्नाआधी स्नेहा विनायक परब, लग्नानंतर स्नेहा रोहन नाईक. आडनाव बदलतं हे जर्मन माणसाला समजतं, पण मधलं नावही बदलतं हे त्याच्या डोक्यात शिरत नाही. वडिलांचं नाव गेलं आणि नवऱ्याचं आलं, म्हणजे त्याच्या नोंदीत ही वेगळीच बाई. त्यात विवाह दाखल्यावर एक नाव, जुन्या पासपोर्टवर दुसरं, आणि काही पासपोर्टांत आडनावाची जागाच रिकामी. नवऱ्याच्या पोर्तुगीज कागदांवर त्याच्या वडिलांच्या नावाचं स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं, भारतीय कागदांवर इंग्रजी वळणाचं. हे सगळं एका पानावर मांडा: कोणत्या कागदावर कोणतं नाव आहे, आणि ते का बदललं. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापला असेल तर त्याची प्रत जोडा. गोव्यात लग्न नोंदवलं असेल तर नागरी निबंधकाकडचा दाखला द्या. पोर्तुगालमध्ये लग्नाची नोंद झाली असेल तर तिथला उतारा सगळ्यात सोयीचा, कारण तो संघातल्याच एका देशाचा असतो. भारतीय दाखल्याचं जर्मन भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या.

अर्ज करताना

अर्जाच्या पहिल्याच ओळीत तुम्हाला काय हवं ते नेमकं लिहा: मुक्त संचार कायद्याच्या कलम 4अ आणि कलम 5 नुसार डाउअरआउफएन्टहाल्ट्सकार्टे, म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्याचं कार्ड. याच्यासारखंच ऐकू येणारं ‘एरलाउबनिस त्सुम डाउअरआउफएन्टहाल्ट-एऊ’ हे दुसऱ्या कायद्यातलं वेगळंच परमिट आहे आणि त्याच्या अटी कडक आहेत. गर्दीच्या खिडकीवर या दोघांची अदलाबदल होते. मग तुमच्याकडे बी-1 चा दाखला मागितला जातो, साठ महिन्यांची पेन्शन वर्गणी मागितली जाते, ‘जर्मनीतील जीवन’ ही परीक्षा दिली का म्हणून विचारतात. तुमच्या कार्डासाठी यातलं काहीच लागत नाही. आवाज न चढवता कलम 4अ ची छापील प्रत पुढे ठेवा आणि ते वाचायची विनंती करा. तरी ऐकलं नाही तर अर्ज तसाच स्वीकारून नकार लेखी द्या म्हणा. लेखी द्यायची वेळ आली की माणूस कायदा उघडून बघतो.

कार्डाची मुदत संपण्याआधी अर्ज करायचा, हा नियमच आहे. अपॉइंटमेंट मिळत नसेल तर अर्ज ईमेलने किंवा पोच मिळेल अशा टपालाने पाठवा आणि ती पोच जपा. मुदत उलटली तरी हक्क बुडत नाही, दंड मात्र होऊ शकतो. शिवाय मालक, घरमालक आणि विमानतळावरचा माणूस यांना मुदत संपलेलं कार्ड दाखवून हक्काबद्दल समजावत बसणं फार जिकिरीचं असतं. त्या काळात भारतात जायचं असेल तर आधी अर्ज केल्याचं लेखी प्रमाणपत्र मागून घ्या.

शुल्क किरकोळ असतं. देशाच्या नागरिकाला तशाच कागदासाठी जेवढं पडतं त्याहून जास्त घेता येत नाही. शंभर युरोच्या वर रक्कम सांगितली, तर तुमचा अर्ज चुकीच्या परमिटखाली नोंदवला गेला आहे का ते लगेच विचारा.

अपॉइंटमेंटला शक्यतो दोघांनी जा. जोडीदाराचा पासपोर्ट प्रत्यक्ष दाखवला की काम पुढे सरकतं. तुमच्या बोटांचे ठसे घेतले जातील. अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत कार्ड द्यायचं असं कायदा सांगतो.

अडलं तर

तीन महिने उत्तरच आलं नाही आणि दिरंगाईला पटणारं कारणही नाही, तर प्रशासकीय न्यायालयात निष्क्रियतेविरुद्ध दावा करता येतो. पण त्याआधी दोन फुकट दारं वाजवावीत. सॉल्व्हिट ही युरोपीय संघाची तक्रार निवारण सेवा सरकारी खात्याशी थेट बोलते. बर्लिनमधली एऊ-ग्लाइषबेहान्डलुंग्सश्टेल संघातल्या कामगारांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना सल्ला देते. नकार लेखी आला असेल तर पत्राच्या शेवटी अपिलाची मुदत छापलेली असते, बहुधा एक महिना. ती तारीख आधी कॅलेंडरवर लिहा, मग वकील शोधा. सॉल्व्हिटकडे तक्रार केली म्हणून ही मुदत थांबत नाही.

संसारात तडा गेला असेल तर

याबद्दल लोक उघड विचारत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो. वेगळे राहू लागलात म्हणजे हक्क गेला असं नाही. घटस्फोट होईपर्यंत तुम्ही जोडीदारच आहात, दोघं एकाच देशात असलात की झालं. घटस्फोटाची कारवाई सुरू होण्याआधी लग्नाला तीन वर्षं झालेली असतील आणि त्यातलं किमान एक वर्ष जर्मनीतलं असेल, तर पुढेही वास्तव्याचा हक्क टिकतो. मात्र मग नोकरी किंवा उत्पन्न स्वतःचं लागतं. घरात मारहाण झाली असेल किंवा मुलांचा ताबा तुमच्याकडे असेल, तर तीन वर्षांची अटही आड येत नाही.

सगळ्यात धोक्याची वेळ कोणती ते सिंग प्रकरणातच दिसलं. त्या प्रकरणातले पती परदेशी नागरिक होते आणि पत्नी संघाच्या नागरिक. पत्नी आधी देश सोडून गेल्या आणि घटस्फोटाचा अर्ज नंतर झाला. तेव्हा न्यायालय म्हणालं, जोडीदार निघून गेला त्या क्षणी हक्काचा आधारच गेला. म्हणून जोडीदार कायमचा देश सोडण्याच्या बेतात आहे असं दिसलं, तर त्याच आठवड्यात वकिलाला भेटा. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर कायमस्वरूपी हक्क तोवर तुमचा झालेला असतो, कार्ड काढलेलं असो वा नसो. मग जोडीदार गेला तरी तो हक्क राहतो.

कार्ड मिळाल्यावर

या कार्डामुळे तुमच्या भारतीय पासपोर्टला काहीच होत नाही. जर्मन नागरिकत्व घेतलंत तर 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 नुसार भारतीय नागरिकत्व जातं, आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही. परदेशात राहत असताना भारतीय पासपोर्टवरही शेतजमीन विकत घेता येत नाही, पण गावाकडे सातबारावर नाव असलेल्या आणि पुढे कायमचं परतून आणखी जमीन घ्यायची इच्छा असलेल्या अनेकांना हे कार्डच अधिक सोयीचं वाटतं ते यामुळे.

हक्क जाण्याची सर्वसाधारण वाट एकच: सलग दोन वर्षांहून जास्त काळ जर्मनीबाहेर राहणं. आईवडिलांच्या आजारपणासाठी दीड वर्ष कुडाळला राहून परत आलात तरी हक्क शाबूत असतो. त्या काळातली तिकिटं आणि शिक्क्यांची पानं मात्र पूर्वीसारखीच जपा, कारण दहा वर्षांनी कार्डाचं नूतनीकरण करताना ती पुन्हा लागू शकतात.